कामगार आजारी पडला तर? मेडिकल सर्टिफिकेट, आजारपणाची रजा आणि तुमच्या गल्लीतला डॉक्टर



मागच्या व्हिडिओत आपण हजेरी वही कशी ठेवायची ते पाहिलं. त्यानंतर सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न असा होता: "सर, माणूस सोमवारी दांडी मारतो आणि मंगळवारी डॉक्टरची चिठ्ठी घेऊन येतो. खरं मानायचं की खोटं? पगार द्यायचा की खाडा लावायचा?"

व्हिडिओत याचं उत्तर थोडक्यात दिलं होतं. आज सविस्तर पाहू. वही-पेन घेऊन बसा, कारण शेवटी तुम्हाला एक पानभर नियम लिहायचे आहेत. पण आधी माझी स्वतःची चूक सांगतो. तिची फी मी भरली आहे, तुम्ही पुन्हा भरू नका.

माझी चूक: ८०० रुपये वाचवले, ६१,००० घालवले

ट्रेनिंगच्या कामात येण्याआधी मी पिंपरी-चिंचवडला डबे पुरवायचो. रोजचे शंभरेक डबे. पोळ्यांना एक मावशी होत्या, रोज ४०० रुपये. मधल्या काळात दोन-तीन जणांनी "तब्येत बरी नाही" म्हणून दांड्या मारल्या होत्या. मी वैतागलो आणि एक दिवस सगळ्यांना सांगून टाकलं, "यापुढे आजारी असाल तर डॉक्टरचं सर्टिफिकेट आणा. नाहीतर खाडा."

त्याच आठवड्यात मावशींचा सकाळी फोन आला. "दादा, पोटात मुरडा आहे, आज जमणार नाही." मी म्हटलं, "ठीक आहे मावशी, पण सर्टिफिकेट आणा."

आता मावशींच्या बाजूने हिशोब करा. दवाखान्यात रांगेत दोन-तीन तास. तपासणीची फी वेगळी, सर्टिफिकेटचे पैसे वेगळे, औषधं वेगळी. म्हणजे दिवसाची मजुरी वाचवायला जवळजवळ दिवसाची मजुरी खर्च. त्यांनी सोपा मार्ग काढला. मेडिकलमधून गोळी घेतली आणि दुसऱ्या दिवशी कामावर हजर झाल्या. मी खूश! म्हटलं, बघा, नियम कडक केला की माणसं बरी होतात.

पुढच्या दोन-तीन दिवसांत एका ऑफिसमधून फोन आला. तिथे आपले ३५ डबे जायचे. सहा-सात जणांना उलट्या-जुलाब. ते मावशींमुळेच झालं हे मी आजही सिद्ध करू शकत नाही. पाणीही कारण असू शकतं, भाजीही. पण ऑफिसने डबे बंद केले. ३५ डबे, ७० रुपयांनी, महिन्याला २५ दिवस: म्हणजे महिन्याची ६१,२५० रुपयांची विक्री गेली. दोन दिवसांची मजुरी होती ८०० रुपये.

मी मावशींना चिडून विचारलं, "बरं नव्हतं तर आलात कशाला?" त्या एवढंच म्हणाल्या, "दादा, मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. कागद तुम्ही मागितला."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. महिन्याभरात त्यांनी काम सोडलं.

तर आजच्या धड्याचा मुद्दा हा: सर्टिफिकेट हे माणूस खरं बोलतो का ते पकडायचं यंत्र नाही. तो कधी, किती आणि कोणतं काम करू शकेल याबद्दलचं ते डॉक्टरांचं मत आहे. ते कधी मागायचं आणि कधी नाही, हे माणूस आजारी पडायच्या आधी ठरलेलं असलं पाहिजे.

आधी कागद ओळखायला शिका

आपण सगळ्यालाच "डॉक्टरची चिठ्ठी" म्हणतो. पण हे चार वेगळे कागद आहेत.

१. केसपेपर: सरकारी किंवा महापालिकेच्या दवाखान्यात मिळतो. तारीख आणि तपासणीची नोंद असते. माणूस त्या दिवशी दवाखान्यात गेला होता, एवढं यावरून कळतं.

२. औषधाची चिठ्ठी, म्हणजे प्रिस्क्रिप्शन: कोणती गोळी, किती दिवस. यात "विश्रांती घ्या" असं लिहिलेलं असू शकतं, पण हा रजेचा दाखला नव्हे.

३. मेडिकल सर्टिफिकेट: अमुक व्यक्तीला तपासलं, अमुक तारखेपासून इतके दिवस कामावर न जाणं गरजेचं आहे, असं डॉक्टर सही करून सांगतात.

४. फिटनेस सर्टिफिकेट: आता ही व्यक्ती कामावर रुजू व्हायला योग्य आहे, असा दाखला. मोठं आजारपण, ऑपरेशन, हाड मोडणं किंवा संसर्गाचा आजार झाल्यावर याची खरी गरज असते.

एक-दोन दिवसांच्या तापासाठी पहिला किंवा दुसरा कागद पुरेसा आहे. खरं तर तोही मागू नका, त्याचं कारण पुढे येईलच.

डॉक्टरांच्या बाजूने बघा

बऱ्याच जणांना वाटतं, डॉक्टर म्हणजे शिक्का मारणारा माणूस. तसं नाही. डॉक्टरांच्या व्यावसायिक आचरणाचे २००२ चे नियम आहेत. त्यानुसार डॉक्टरांनी दिलेल्या सर्टिफिकेटांचं रजिस्टर ठेवायचं असतं. त्यात रुग्णाची सही किंवा अंगठा, पत्ता आणि शरीरावरची किमान एक ओळखखूण नोंदवायची असते आणि सर्टिफिकेटची प्रत स्वतःकडे ठेवायची असते. खोटं किंवा दिशाभूल करणारं सर्टिफिकेट दिलं तर नोंदणी पुस्तकातून नाव काढलं जाऊ शकतं. म्हणजे पन्नास-शंभर रुपयांच्या कागदापायी डॉक्टर आपली सगळी प्रॅक्टिस पणाला लावतात.

म्हणूनच चांगले डॉक्टर "मागच्या आठवड्याचं सर्टिफिकेट द्या" म्हटल्यावर नाही म्हणतात. ज्या माणसाला त्यांनी तेव्हा तपासलंच नाही, त्याच्याबद्दल ते काय लिहिणार? तुमच्या माणसांना हे आधीच सांगून ठेवा: लांबेल असं वाटलं तर आजारी असतानाच दवाखान्यात जायचं, बरं झाल्यावर नाही.

दुसरा प्रश्न नेहमी येतो. "सर, डॉक्टर बीएएमएस आहेत, चालेल का?" आपल्या गल्लीतले कितीतरी फॅमिली डॉक्टर बीएएमएस किंवा बीएचएमएस असतात. एमबीबीएस डॉक्टरांची नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे असते, आयुर्वेदाच्या डॉक्टरांची महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडे आणि होमिओपॅथीच्या डॉक्टरांची महाराष्ट्र होमिओपॅथी कौन्सिलकडे. तुम्ही पदवी नको, नोंदणी क्रमांक बघा. नोंदणी असेल तर केवळ एमबीबीएस नाहीत म्हणून कागद परत करू नका.

सर्टिफिकेट हातात आलं की या सहा गोष्टी बघा

- डॉक्टरांचं नाव, पदवी, नोंदणी क्रमांक आणि दवाखान्याचा पत्ता
- रुग्णाचं पूर्ण नाव आणि सही किंवा अंगठा
- कोणत्या तारखेला तपासलं
- रजा कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत
- परत आल्यावर काही बंधन आहे का, उदाहरणार्थ "वजन उचलू नये", "उभं राहून काम नको"
- डॉक्टरांची सही आणि शिक्का

या यादीत आजाराचं नाव नाही, हे लक्षात आलं का? मुद्दाम नाही. सर्टिफिकेटावर ते बहुतेक वेळा असतंच. पण ते नीट वाचता आलं नाही किंवा त्रोटक असलं, म्हणून चौकशी सुरू करू नका. तुम्हाला नियोजनासाठी तारखा हव्यात आणि कामाची बंधनं हवीत. एखाद्या बाईच्या गर्भाशयाचा त्रास किंवा एखाद्याच्या मानसिक आजाराची गोष्ट काउंटरवर चर्चेला आली की दुकानातला विश्वास संपला. कागद वाचा, पाकिटात घाला, कपाटात ठेवा. व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो मागू नका!

शंका आलीच तर?

खाडाखोड दिसली किंवा नोंदणी क्रमांकच नाही, अशा वेळी दवाखान्यात फोन करून एवढंच विचारा, "या तारखेचं, या नावाचं सर्टिफिकेट तुमच्याकडून दिलं गेलंय का?" आणि फोन करणार आहे हे त्या माणसाला आधी सांगा. "त्याला नेमकं झालंय काय?" हा प्रश्न विचारू नका. रुग्णाची गुपितं उघड करायला डॉक्टरांना मनाई आहे, ते सांगणार नाहीत आणि सांगूही नये.

आणि सोमवारची दांडी? तिचं उत्तर दवाखान्यात नाही, तुमच्या हजेरी वहीत आहे. तीन महिन्यांची पानं उघडा. एकाच माणसाचे खाडे सोमवारीच पडतात का? पडत असतील तर त्याला चहा घेऊन बसवा आणि वही दाखवून विचारा. कधी कळतं की तो शनिवारी रात्री गावी जातो आणि सोमवारची पहिली एसटी चुकते. मग त्याला सोमवारी दोन तास उशिरा बोलवा, वाढीव वेळ मंगळवारी घ्या. कधी दारूचा प्रश्न असतो, तोही समोर येतो. सर्टिफिकेट मागत बसलात तर तो दर सोमवारी कागद आणेल आणि खरा प्रश्न तसाच राहील.

कायदा काय म्हणतो?

महाराष्ट्राचा दुकाने आणि आस्थापना कायदा २०१७ चा आहे. त्यात वर्षाला ८ दिवस पगारी किरकोळ रजा आहे. ती दर तिमाहीला खात्यात जमा होते आणि वर्षअखेर उरली तर जाते. शिवाय वर्षात २४० दिवस काम केलेल्याला दर २० दिवसांमागे १ दिवस अर्जित रजा, जी ४५ दिवसांपर्यंत साठवता येते. "आजारपणाची रजा" असा वेगळा कोटा या कायद्यात नाही. त्यामुळे ताप आला तरी माणूस किरकोळ रजाच वापरतो.

हा कायदा आला तेव्हा तो १० किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होता. ही संख्या सरकार बदलू शकतं, म्हणून तुमच्या शॉप अॅक्टच्या सल्लागाराकडून आजचा आकडा विचारून घ्या. आणि तुमच्याकडे चारच माणसं आहेत म्हणून रजा द्यायचीच नाही, असा अर्थ काढू नका. कायद्याची मर्यादा खालची आहे. त्यापेक्षा जास्त द्यायला कुणी अडवलेलं नाही.

ईएसआय असेल तर खेळ वेगळा

व्यवसाय वाढला, ईएसआय लागू झाली की महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेले कामगार त्यात येतात. वर्गणी मालकाची ३.२५ टक्के आणि कामगाराची ०.७५ टक्के. १५,००० पगारावर तुमचे साधारण ४८८ आणि त्याचे ११३ रुपये.

बरेच मालक हे पैसे "कटकट" म्हणून भरतात आणि विसरतात. पण याच पैशांत आजारपणाचा लाभ आहे. सहा महिन्यांच्या वर्गणी काळात किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असेल तर आजारी कामगाराला सरासरी रोजच्या पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळते, वर्षात जास्तीत जास्त ९१ दिवस. आजारपणाचे पहिले दोन दिवस साधारणपणे धरत नाहीत.

हिशोब करू. रोजचा पगार ५०० रुपये, आजारपण १० दिवसांचं. दोन दिवस वजा, उरले ८. रोज ३५० प्रमाणे २,८०० रुपये, तेही थेट कामगाराच्या बँक खात्यात. ज्या दिवसांचा हा लाभ घेतला, त्याच दिवसांचा पगार मात्र वेगळा घेता येत नाही.

इथे दोन गोष्टी ठळक अक्षरात लिहून घ्या.

पहिली: या लाभासाठी सर्टिफिकेट ईएसआयच्या दवाखान्यातलं किंवा त्यांनी नेमलेल्या विमा डॉक्टरांचं लागतं. गल्लीतल्या खासगी डॉक्टरांचा कागद तुमच्या हजेरीला चालेल, पण त्यावर ईएसआयचे पैसे सहज सुटणार नाहीत. हे माणसाला आजारी पडल्यावर कळलं तर त्याचं नुकसान होतं. म्हणून कामावर घेताना पहिल्याच दिवशी त्याला त्याचा दवाखाना कुठला ते दाखवा आणि घरच्यांची नावं नोंदवलीत का ते तपासा.

दुसरी: माणूस ईएसआयच्या आजारपणाच्या लाभावर असताना त्याला कामावरून काढता येत नाही, शिक्षाही करता येत नाही. "दहा दिवस झाले, नवा माणूस ठेवला, तू येऊ नकोस" हे वाक्य तुम्हाला महागात पडू शकतं.

खाण्याच्या धंद्यात असाल तर हा भाग दोनदा वाचा

डबे, खानावळ, केक, फरसाण, चाट, काहीही असो. अन्नसुरक्षेच्या परवाना नियमांत असं आहे की अन्न हाताळणाऱ्या माणसांची वर्षातून एकदा नोंदणीकृत डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यायची आणि तो दाखला ठेवायचा. आणि जुलाब, उलट्या, कावीळ, ताप किंवा पिकलेली जखम असलेल्या माणसाला अन्नाला हात लावू द्यायचा नाही.

म्हणजे माझ्या मावशींना त्या दिवशी घरी बसवणं हे उपकार नव्हते, माझं कामच होतं. आणि मी लावलेल्या खाड्याच्या भीतीनेच त्या पोळपाटावर आल्या.

गल्लीतल्या डॉक्टरांना आजच भेटा

हे बहुतेक उद्योजक करत नाहीत. तुमच्या दुकानापासून चालत जाता येईल अशा दवाखान्यात गर्दी नसलेल्या वेळी जा आणि विचारा: ओपीडी किती ते किती? तपासणीची फी किती, सर्टिफिकेटचे पैसे वेगळे का? हात कापला तर ड्रेसिंग, टाके आणि धनुर्वाताचं इंजेक्शन इथे होईल का? बीपी-शुगर तपासता का? अन्न हाताळणाऱ्यांची वार्षिक तपासणी करून दाखला द्याल का? माझ्या माणसाचं बिल मी महिन्याला भरलं तर चालेल का?

जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय किंवा महापालिकेचा दवाखानाही बघून ठेवा. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत आणि आरोग्य केंद्रांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. ज्याच्याकडे फीचे पैसे नाहीत त्याला तिथे पाठवता येतं. हे सगळे फोन नंबर आणि वेळा एका कागदावर लिहून गल्ल्याजवळ चिकटवा.

नमुना नियम: तुमच्या धंद्याप्रमाणे बदलून घ्या

१. आजारी असाल तर काम सुरू होण्याच्या एक तास आधी फोन किंवा मेसेज करा. स्वतः जमत नसेल तर घरच्यांनी केला तरी चालेल.

२. पहिले दोन दिवस कोणताही कागद लागणार नाही. शिल्लक रजेतून पगार मिळेल.

३. तिसऱ्या दिवसापासून नोंदणीकृत डॉक्टरांचं सर्टिफिकेट लागेल. आपण ठरवलेल्या दवाखान्यातून घेतलं तर त्याचे पैसे दुकान देईल.

४. सात दिवसांपेक्षा जास्त रजा, ऑपरेशन किंवा संसर्गाचा आजार असेल तर रुजू होताना फिटनेस सर्टिफिकेट.

५. उलट्या, जुलाब, कावीळ, ताप असताना स्वयंपाकघरात प्रवेश नाही. घरी पाठवलं तर त्या दिवसाचा खाडा लागणार नाही.

६. डॉक्टरांनी हलकं काम सांगितलं असेल तर शक्य तिथे तसं काम दिलं जाईल.

७. कागद मालकाकडे बंद फाइलमध्ये राहतील.

८. हाच नियम मालकाच्या भावाला, मुलाला आणि मेहुण्यालाही लागू.

आठवा नियम वाचून हसलात ना? घरच्या माणसाला सूट आणि बाहेरच्याला कागद, असं झालं की बाकीचे सात नियम कुणी मानत नाही.

"सर, हे परवडेल का?"

परवडतं का ते मोजू. समजा चार माणसं, रोज सरासरी ५०० रुपये, प्रत्येकाला वर्षाला ८ दिवस पगारी रजा. ४ × ८ × ५०० = १६,००० रुपये. रोज १०० डबे, महिन्याला २५ दिवस, म्हणजे वर्षाला ३०,००० डबे. एका डब्यावर खर्च किती? साधारण ५३ पैसे. हे ५३ पैसे तुमच्या कॉस्टिंगमध्ये आजच घाला. भाव ठरवताना तेल, गॅस, डबा पोचवणारा मुलगा धरता, मग माणसाचं आजारपण का धरत नाही? ते तर दरवर्षी येणारच आहे.

आणि एक बदली माणूस शोधून ठेवा. पोळ्या करणारी दुसरी बाई, मशीन चालवू शकणारा दुसरा हात, महिन्यातून एकदा अर्धा दिवस बोलवून सराव द्या. बदली माणूस तयार असला की "आज येऊ शकत नाही" हा फोन आल्यावर तुमचा आवाज चढत नाही. त्या सकाळी माझा चढला होता, कारण माझ्याकडे पोळ्या करणारं दुसरं कुणी नव्हतं. राग मावशींवर नव्हता, पण बोलणी त्यांनी खाल्ली.

आजचा गृहपाठ

१. हजेरी वहीतून गेल्या तीन महिन्यांचे आजारपणाचे खाडे काढा. कोण, कोणता वार, किती दिवस.

२. जवळच्या एका दवाखान्यात जाऊन वरचे प्रश्न विचारा.

३. नमुना नियम तुमच्या धंद्याप्रमाणे बदला, एका पानावर लिहा आणि माणसांना वाचून दाखवा. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी हे नक्की करा.

४. एका नगामागे आजारपणाचा खर्च किती पैसे येतो ते काढा.

हे चारही करायला एक रविवार पुरतो. पुढच्या धड्यात आपण उचल, म्हणजे अॅडव्हान्सचा हिशोब घेणार आहोत. तोवर कुणाचा "आज बरं नाही" असा फोन आलाच, तर आधी "काळजी घ्या, दवाखान्यात जा" असं म्हणा. कागदाचं नंतर बघता येतं.

भेटूया पुढच्या धड्यात.